नाकाआधी चष्मा

“कानामागं नुसतं काचतंय बघा. मागच्या वेळी तेच, त्याच्या मागच्या वेळी तेच. माझा कान काही बदलत नाही, तुमची काडीच दरवेळी वेगळी.”

गिऱ्हाईकाचं हे गाऱ्हाणं थेट तिच्या कानात पडत होतं, कारण काडीचा वाक बघायला ती त्यांच्या डोक्याला डोकं लावून उभी होती. एरवी ती म्हणाली असती, “काका, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे, काडीला काय बोलता?” आणि काका हसले असते. वीस वर्षं ती या चष्म्याच्या दुकानात अशीच माणसं हसवत आली होती. आज मात्र तिने मुकाट्याने काडी गरम वाळूच्या डब्यात खुपसली आणि तिथेच विसरली. काडी पार मेणासारखी मऊ झाली.

“बाई,” मालक गल्ल्यावरून म्हणाले, “चष्मा वाकवताय का शिजवताय?”

शनिवारी तिच्या नाकाचं ऑपरेशन होतं. करायचं की नाही, हे उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. फॉर्म पर्समध्ये होता आणि ती सकाळपासून चार वेळा पर्स उघडून तो आहे ना हे बघत होती. असायचाच. फॉर्म कुठे जातोय? जीवच एका जागी राहत नव्हता.

नाक तसं काही भयंकर नव्हतं. मध्यावर एक उंचवटा आणि त्याच्याखाली नाक जरा डावीकडे गेलेलं, रस्ता विचारायला थांबल्यासारखं. सहा वर्षांची असताना पडली होती म्हणे. तरुणपणी तिने त्यापायी खूप रडून घेतलं, फोटोत नेहमी उजवा गाल पुढे केला. मग लग्न झालं, मोडलं. नाकाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. ती आईकडे राहायला आली, नोकरीला लागली आणि घरातल्या दाराच्या करकरीची सवय व्हावी तशी नाकाची झाली. उलट धंद्यात ते उपयोगाचंच. जड फ्रेम त्या उंचवट्यावर फळीवर ठेवल्यासारखी बसायची. ती लावून दाखवायची आणि गिऱ्हाईक घेऊन जायचं.

हा विषय दोन महिन्यांपूर्वी काढला तो आईने. फाटका टॉवेलसुद्धा अजून वर्षभर जाईल म्हणणारी आई एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, “बबे, ते नाक नीट करून घे. खर्चाचं माझ्यावर सोड.”

“आता? एक्केचाळिसाव्या वर्षी? कुणाला दाखवू?”

“मला दाखव,” आई म्हणाली आणि चहाचा कप न उचलताच आत गेली.

बबी आधी हसली. मग सहज म्हणून डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. त्यांनी कॉम्प्युटरवर तिचं नवं नाक दाखवलं. सरळ, सोज्वळ, शिकल्यासवरल्यासारखं. खोटं कशाला बोला, आवडलं तिला. इतकं आवडलं की दुकानातल्या माणसालाच सुचेल असा मूर्खपणा तिने केला: त्या चित्रातल्या नाकाच्या मापाने नवी फ्रेम बसवून ठेवली. नाकावरच्या गाद्या अगदी सरळ, दोन्ही सारख्या. आता ती घातली की एकीकडे टोचायची, दुसरीकडे घसरायची.

“नाक यायच्या आधी चष्मा तयार!” मालक म्हणाले होते. “उद्या टक्कल पडायच्या आधी टोप घ्याल.”

शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ऑपरेशननंतर सहा आठवडे नाकावर चष्मा टेकवायचा नाही. हवा तर चिकटपट्टीने कपाळाला टांगा. बबीचा नंबर उणे नऊ. बिनचष्म्याची ती गिऱ्हाईकाचा कान चाचपडूनच शोधणार.

मग बाईंनी विचारलं, “तुम्हाला हे का करायचंय?”

“श्वासाला त्रास होतो.”

“मी तपासलाय. श्वास उत्तम आहे.”

“दिसायला बरं...”

“कुणाला?”

“आई म्हणतेय,” बबीच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आईंचं नाक ठीक आहे ना? मग त्यांचं ऑपरेशन तुमच्यावर करायला नको. घरी जाऊन फॉर्म भरा. सगळे रकाने. मग कळवा.”

एक रकाना तेवढा राहिला होता. दुखापत कधी झाली, कशी झाली, तेव्हा काय उपचार केले. जेवणाच्या सुट्टीत तिने दादाला फोन लावला. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला आठवत असणार.

“दादा, मी कशी पडले होते रे?”

“झोपाळ्यावरून ना?”

“आई म्हणते जिन्यावरून.”

“मग जिन्यावरून असेल.” मग लगेच आवाज खाली आणून, “बबे, आईला उगाच विचारत बसू नकोस हं. वय झालंय तिचं. ठेवतो, काम आहे.”

दादाला आयुष्यात कधी फोन ठेवायची घाई नसायची. शेजाऱ्याच्या मांजराबद्दलसुद्धा तो अर्धा तास बोलायचा. फोन ठेवल्यावर बबीचा डबा तसाच राहिला, आणि दुपारभर तिने तीन गिऱ्हाइकांची मापं दोन-दोनदा घेतली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी ताटल्या पुसत होती. बबीने पर्सही खाली ठेवली नाही. फॉर्म काढून ओट्यावर पसरला.

“आलीस? हातपाय धू आधी.”

“आई, हा रकाना भरायचाय. कशी पडले मी?”

“सांगितलंय ना शंभरदा. जिन्यावरून.”

“कुठला जिना?”

“घरातला. दुसरा कुठला?”

“तेव्हा आपण तळमजल्यावर राहत होतो, आई. दोन खोल्या आणि मागे मोरी. घरात जिना नव्हता.”

आईने पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली. “मग शेजारचा असेल. पस्तीस वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात राहतंय? लिही की काहीतरी. त्यांना काय करायचंय? कापा म्हणावं आणि सरळ करा.”

“दादा झोपाळा म्हणतो.”

“तो मेला काहीही म्हणतो.”

“आई, नाक मला आवडेल कदाचित. नवं. मी नाही म्हणत नाहीये. पण मला हवंय म्हणून करायचं का तुला हवंय म्हणून, एवढंच मला कळू दे. सकाळपासून वेड लागायची पाळी आलीये.”

आईने ताटली ठेवली. दुसरी उचलली नाही. फडकं घडी घालून ओट्याच्या कडेवर ठेवलं, परत उलगडलं. पस्तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तिने बबीच्या चेहऱ्याकडे समोरून आणि मध्यावर पाहिलं.

“पडली नाहीस तू कुठून,” ती म्हणाली. “मी मारलं तुला. हातात उलथनं होतं, त्यानेच. आणि विचारतील म्हणून आठ दिवस डॉक्टरकडे नेलं नाही.”