ब्रेकच्या खुणा

ड्रायव्हिंग स्कूलमधले विद्यार्थी तिला पाठीमागे क्लचबाई म्हणत, कारण शिकवताना दर मिनिटाला तिच्या तोंडून तोच शब्द निघे. तिला ते माहीत होतं आणि त्याचा रागही येत नसे. जुन्या गाड्यांची तिला चांगली पारख होती. त्यामुळे भावजयीने सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा बरोबर जाणं ओघानेच तिच्याकडे आलं.

भावजय फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे हलते करायची. आता तिचे बरेचसे पेशंट गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होते, आणि उपचाराचं मशीन खांद्याला अडकवून बस बदलत जाणं जिवावर यायचं. छोटी, जुनी, धड चालणारी गाडी हवी होती, एवढंच. पण ती दर वेळी एकाच मॉडेलच्या जाहिराती काढून दाखवायची. रंग पांढराच.

क्लचबाईच्या धाकट्या भावाची, म्हणजे भावजयीच्या नवऱ्याची, गाडी तशीच होती, आणि तो तिच्यातच गेला. तलावाकडच्या उतारावर, भर दुपारी, कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी जाऊन आदळली. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या. पुढचा भाग इतका चेपला होता की ब्रेक निकामी झाले की दाबलेच गेले नाहीत, हे कुणालाच सांगता आलं नाही. आई म्हणायची, गाडीच दगाबाज होती. क्लचबाई म्हणायची, डुलकी लागली असेल. भावजय काहीच म्हणायची नाही.

अशीच एक गाडी नापसंत करून परतताना क्लचबाईने विचारलं होतं, "अगं, याच मॉडेलचं काय घेऊन बसलीस? दुसरं काहीतरी बघू की."

भावजय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, त्याची गाडी विमावाल्यांनी नेली ना. तशा गाड्या दुरुस्त करून पुन्हा विकतात म्हणे. रस्त्यात पांढरी गाडी दिसली की मी आधी आत कोण बसलंय ते बघते. ती अशी कधीतरी अचानक समोर येण्यापेक्षा दारात उभी असलेली बरी."

 क्लचबाईने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारी दोघी एका चष्म्याच्या दुकानदाराकडे गाडी बघायला गेल्या. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी कापडाखाली झाकलेली होती. चष्मेवाले साठीच्या पुढचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. कापड ओढून काढत ते म्हणाले, "पहिल्यापासून माझ्याच हातात आहे. अपघात नाही, काही नाही. डोळे झाकून घ्या."

"चष्मेवाल्यांनी असं सांगू नये," क्लचबाई म्हणाली. ते कसंनुसं हसले.

तिने आधी बॉनेटवर तळहात टेकवला. गार होतं. ते बरं झालं, कारण विकणारा कधीकधी इंजिन आधीच तापवून ठेवतो आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टची रड कळतच नाही. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. धूर नव्हता. थोड्या वेळाने इंजिन बंद करून तिने ऑइलचं झाकण उघडलं, आतून बोट फिरवलं. तेल काळं होतं, पण पाणी मिसळल्याचा पांढरट फेस नव्हता. मग तिने पायाखालची मॅट उचलून ओल आहे का ते चाचपलं. चारही टायर सारखे झिजले होते. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

भावजय तोवर मागच्या सीटशी ओणवी झाली होती. काय शोधतेय ते क्लचबाईला माहीत होतं. भावाने मागच्या दाराजवळ स्वतः भोक पाडून छत्रीसाठी हूक बसवला होता. हूक काढता येतो, भोक बुजवलं तरी हाताला लागतं. भावजय बाहेर आली आणि तिने मान हलवली. ही ती नव्हती. तिला हायसं वाटलं की तिची निराशा झाली, हे चेहऱ्यावरून काही कळेना.

क्लचबाई गाडीसमोर उकिडवी बसली. एका बाजूचा दिवा पिवळट पडला होता, दुसरा काचेसारखा स्वच्छ. त्या बाजूला बॉनेट आणि पत्र्यामधली फट जरा रुंद होती. तिने बॉनेट पुन्हा उघडून बोल्ट बघितले. त्यांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडाला होता.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "ही पुढून ठोकलेली आहे."

चष्मेवाल्यांनी हातातल्या कापडाची घडी घालायला घेतली. ती नीट बसेना, तेव्हा ते तिथल्याच स्टुलावर टेकले.

"हो. खोटं बोललो मी. नाही म्हटलं की थोडा वेळ मलाही खरं वाटतं."

"कुणाला लागलं का?"

"एक माणूस सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. वाचला. पण आता चालताना काठी लागते. रोज सकाळी माझ्या दुकानावरून जातो. तो आत बघत नाही. मी मात्र काठीचा आवाज येईपर्यंत शटर वर करत नाही."

 भावजयीने विचारलं, "ब्रेक लागले नव्हते का?"

"ब्रेकला काहीच झालं नव्हतं. या गॅरेजमधून त्या गॅरेजमध्ये फिरलो. कुणीतरी म्हणावं, ब्रेक गेले होते म्हणून. एकानेही म्हटलं नाही."

"मग?"

"तो मला दिसला होता. अगदी स्वच्छ. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. थांबायचं आहे हेही कळत होतं. पण पाय जागचा हललाच नाही." त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं. "झोप नव्हती लागली. चक्कर नव्हती. थांबायचं होतं हो मला. पाय हलला नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात... म्हणून सांगत नाही."

भावजयीने गाडीच्या दाराला हात टेकवला. दिवसभर माणसांचे न हलणारे पाय हातात घेणाऱ्या त्या बाईने हळू आवाजात विचारलं, "रस्त्यावर खुणा होत्या?"

"ब्रेकच्या? नाही."

गाडी चालवून बघायला चष्मेवाले बरोबर आले नाहीत. त्या दिवसानंतर ते तिच्यात बसलेच नव्हते. आठवड्यातून एकदा शेजारचा कुणी येऊन इंजिन सुरू करून द्यायचा.

क्लचबाई चालवत होती. क्लच जरा वर उचलत होता, तिसरा गिअर किंचित अडत होता, स्टीअरिंग सोडलं तरी गाडी कुठल्याच बाजूला ओढत नव्हती. चौकात आल्यावर भावजय म्हणाली, "तलावाकडून घ्या."

"कशाला उगाच?"

"घ्या ना, ताई."

उतार सुरू झाला. पाणी दिसायला लागलं. रस्ता मोकळा होता.

"मला कधी कधी वाटायचं," भावजय समोर बघत म्हणाली, "की त्याने ब्रेक मुद्दामच दाबला नाही. त्या महिन्यात तो फार गप्प गप्प असायचा."

क्लचबाईची बोटं स्टीअरिंगवर घट्ट झाली. हाच विचार तिच्या मनात पहिल्या रात्रीपासून होता. डुलकीची गोष्ट तिने त्याच्यावर झाकण म्हणून ठेवली होती, आईसाठी आणि स्वतःसाठी. तिला वाटलं होतं, निदान हिच्या मनात तरी तो नसेल.

"मलाही," ती म्हणाली.

मग तिने आरशात मागे बघितलं, कुणी नव्हतं, आणि सगळा जोर लावून ब्रेक दाबला. टायर किंचाळले. पट्टे दोघींच्या छातीत रुतले. गाडी सरळ रेषेत, जराही न वळता थांबली.

भावजय दार उघडून खाली उतरली आणि चार पावलं मागे चालत गेली. डांबरावर दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या. ती उकिडवी बसली, एका रेघेवर तिने बोट ठेवलं. अजून गरम असावी, कारण तिने बोट लगेच उचललं. बराच वेळ ती तशीच बसून होती. क्लचबाईने घाई केली नाही. त्या दुपारी ट्रक उभा होता ती जागा पुढेच होती. तिथे आता गवत वाढलं होतं.

परत येऊन बसल्यावर भावजय म्हणाली, "ही घेऊया."

"अगं, ठोकलेली आहे. भाव पाडता येईल फार तर. पण तुझ्या डोक्याला..."

"हिचं काय झालं ते तरी माहीत आहे."

क्लचबाईने तिला अडवलं नाही. मात्र घ्यायच्या आधी तिने गाडी गॅरेजमध्ये उचलून धरायला लावली, खालचा सांगाडा सरळ आहे का ते मोजून घेतलं. सरळ होता.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी दोघी बरोबर होत्या. आईला रंग आणि मॉडेल सांगायचं कसं, यावर वाटभर खल झाला आणि शेवटी वर जाऊनच सांगू असं ठरलं. भावजयीने गाडी जिन्याखाली लावली, इंजिन बंद केलं. भावाच्या गाडीचा होता तोच आवाज, शेवटी तोच बारीक खोकला. इतक्या गाड्या तपासल्या, पण ही गोष्ट क्लचबाईच्या लक्षात आली नव्हती.

वर पोचल्या तर दार सताड उघडं होतं. आई उंबऱ्यात उभी होती, पदर सारखा केलेला, केस नुकतेच हाताने बसवलेले. तिने दोघींकडे बघितलं, मग त्यांच्या मागे, जिन्याच्या वळणाकडे. तिथे कुणी नव्हतं. तरी ती बघत राहिली. क्लचबाईला स्वतःलाही मागे वळून बघावंसं वाटलं, पण मान वळवायचा धीर झाला नाही.

"आई, गाडी घेतली," भावजय म्हणाली. "तसलीच आहे."

"कळलं मला," आई म्हणाली. "खालून ऐकू आलं."

तिघी आत आल्या. भावजय दार लावायला मागे वळली, तशी आई म्हणाली, "राहू दे गं थोडा वेळ."

भावजयीने कडीवरचा हात काढला.