रंगूबाईचा अंगठा

सातवी बांगडी निशाच्या अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली होती आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी मागून फोटोसाठी हाक मारली. पोरगी झटकन वळली. काच मोडली. अर्धी हिरवी कड रंगूबाईच्या चिमटीत राहिली आणि निशाच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्ताची रेघ उमटली. रंगूबाईचा स्वतःचा अंगठाही चिरला होता, पण तिकडं बघायला तिला सवड नव्हती.

बत्तीस वर्षं ही बाई बांगड्या भरत होती. वर्तकनगरच्या नाक्यावर तिचं टेबल, आणि लग्नसराईत बाळकुमपासून कोलशेतपर्यंत घरोघरची बोलावणी. साबण नाही, प्लॅस्टिकची पिशवी नाही. हात हातात घ्यायचा, हाडं दाबत बसायचं, बाईला तिच्या माहेरचं काहीतरी विचारायचं, आणि ती सांगत असताना बांगडी आत घालायची. दोन-सहा मापाच्या हातात दोन-चारची बांगडी चढवावी तर रंगूबाईनं, असं बाळकुमच्या बायका कौतुकानं सांगत.

नवरीचं रक्त निघालं असं बत्तीस वर्षांत दोनदाच झालं होतं, आणि त्यासाठी सासूनं शिकवलेली एक रीत होती. नवरीचं रक्त जमिनीवर पडू द्यायचं नाही. कासारणीनं ते आपल्या अंगठ्यानं दाबून धरायचं आणि मग तोंडानं टिपून घ्यायचं, म्हणजे पोरीच्या संसारावर येणारं जे काही वाईट असेल ते कासारणीवर येतं आणि पोर सुटते. आता या रीतीला खुळी म्हणायचं तर म्हणा. रंगूबाईला विचार करायला वेळ लागला नाही, एवढं मात्र खरं. तिनं चिरलेला अंगठा निशाच्या जखमेवर घट्ट दाबला, मग वाकून ते रक्त ओठांनी टिपलं.

"बांगडी वाढवली गं बाय माझी," ती म्हणाली. "काही होत नाही. गेलं सगळं माझ्यावर."

या पोरीचा हात काही तिला नवा नव्हता. बारशाला काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या त्या रंगूबाईनंच, तेव्हा हे हात पेरूएवढे होते. सव्वीस वर्षांत या घरचा एकही सण तिच्याशिवाय झाला नव्हता. निशाची आई सुगंधा तिला हाक मारी ती नुसती रंगू म्हणून.

पण त्या दिवशी खोलीत नवऱ्यामुलाची मामीही होती. कल्याणहून हळदीचं सामान घेऊन आलेली, अंगावर सोनं आणि हातात फोन. ती उठून उभी राहिली. बाईनं जखमेला तोंड लावलं, म्हणाली, सगळ्यांनी बघितलं. मग तिनं फोनवर वाचलेलं सगळं ऐकवलं. न्हाव्याच्या वस्तऱ्यातून काय होतं, गोंदवण्याच्या सुईतून काय होतं, आणि ही बाई तर दिवसाला पन्नास बायकांचे हात हातात घेते. शेवटी तिनं रंगूबाईला विचारलं, नवरा कशानं गेला?

रंगूबाईनं सांगितलं, वागळे इस्टेटमध्ये शेड पडली, त्याखाली गेला. वीस वर्षं झाली.

"असंच सांगतात सगळे," मामी म्हणाली.

खोलीतल्या कुणीही तिला गप्प केलं नाही. ज्यांनी त्या नवऱ्याच्या दहाव्याला डाळ-तांदूळ पोचवला होता, त्या बायकासुद्धा आपापल्या हिरव्या बांगड्यांकडं बघत बसल्या. मामीचं म्हणणं एकच होतं. दोघींचं रक्त तपासा, नाहीतर पुढचं आम्ही ठरवू. लग्न चार दिवसांवर होतं.

सुगंधानं खूप आढेवेढे घेतले. आमचे पोरीला कशाला सुया टोचायच्या, हिचंच काय ते तपासा, असं ती तीन-तीनदा म्हणाली. मामी ऐकेना. तपासणीच्या दुकानात निशासकट तिघी बाकड्यावर बसल्या तेव्हा सुगंधाच्या तळहाताला घाम सुटला होता. रंगूबाईला वाटलं, आईचं काळीज आहे. तिनंच सुगंधाला धीर दिला. घाबरू नका वहिनी, म्हणाली, मी स्वच्छ आहे, माझ्यापासून पोरीला काही होणार नाही. सुगंधानं मान हलवली आणि दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंगूबाईचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही, कावीळ नाही, काही म्हणजे काही नाही. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण दुकानातल्या मुलीनं एकेका ओळीवर बोट ठेवून सांगितलं. नवीन काही लागलं असेल तर ते तीन महिन्यांनी कळतं, असंही ती म्हणाली. कागद पिशवीत घालून ती तशीच बाळकुमला गेली. मनात म्हणाली, आता मामीच्या नाकावर टिच्चून उरलेला हात भरते.

फाटकावर निशाचा बाप रघु उभा होता. भातशेती आणि मिठागरं गेली, त्या जागेवर सात मजली इमारत आली, तरी हा माणूस अजून बनियनवरच फाटकात उभा राही. त्यानं फाटक उघडलं नाही.

"निशाचे रक्तान कावीळ निघली," तो म्हणाला. "बी का काय ती. तू नको येऊ आता."

रंगूबाईनं कागद पुढं केला. माझ्यात काही नाही हो दादा, हे बघा, लिहून दिलंय. रघुनं हात पुढं केला, मग मागं घेतला. कागद भिंतीवर ठेव म्हणाला. तिनं ठेवला. त्यानं लांबूनच त्याच्याकडं बघितलं, जणू त्यालाही काही चिकटलं असावं. मग म्हणाला, आमाला इंग्लिश नाय समजत, घेऊन जा. वर गॅलरीत सुगंधा उभी होती. सगळं ऐकत होती, पण खाली उतरली नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं, वाजतगाजत झालं. पोरीला बांगडीवालीकडून लागलंय, नुकतंच लागलंय, औषध चालू केलंय, असं कल्याणच्या लोकांना सांगण्यात आलं. बांगडीवालीचा कागद बघायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही. मामीनं तर छाती पुढं काढली की माझ्यामुळं वेळेत कळलं. आणि बाळकुममधली बातमी वर्तकनगरला पोचायला काय वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी टेबलासमोर शुकशुकाट. एक जुनी गिऱ्हाईक आली, ती दोन हात लांब उभी राहिली. बांगड्या तिथंच ठेव, मी उचलते, म्हणाली. उचलल्या आणि ओढणीच्या टोकानं पुसत पुसत गेली.

परकी माणसं तरी परकी. घरी सुनेनं काय केलं? संचितानं स्टीलचा एक पेला, एक ताट आणि एक वाटी बाजूला काढली आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. चार वर्षांची अक्षदा आजीच्या कुशीत झोपायची, तिचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. रंगूबाईनं लेकाला, साईनाथला, रिपोर्ट वाचायला लावला. त्यानं वाचला. क्लिअर आहे गं, म्हणाला. मग ठिपके कशाला, असं तिनं विचारलं, तर तो मोबाइलकडं बघत म्हणाला, "तिला भीती वाटते आई. राहू दे ना, तुझं काय जातंय."

पेला धुऊन उपडा घालताना ठिपका वर येई, तेवढा ती फडक्यानं झाकून ठेवी.

बांगडी मोडली त्याच्या बाराव्या दिवशी दुपारी सुगंधा नाक्यावर आली. एकटीच, रिक्षानं. टेबलासमोरच्या स्टुलावर बसली आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"रंगू, मामी येल तुझेकडं," ती म्हणाली. "कागद मागल तुझा, तिचे मनान शंका हाय. नाय दाखवायचा. हरवला म्हणून सांग."

रंगूबाई हसली. तिला वाटलं, ही थट्टाच चाललीय. इतके दिवस हाच कागद घेऊन ती दारोदार फिरली, कुणी हातात धरला नाही, आणि आता जी मागतेय तिलाच दाखवायचा नाही? का दाखवायचा नाही, तिनं विचारलं.

सुगंधानं पदर तोंडाशी नेला. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. धाकट्या मुलाच्या, हर्षितच्या बाळंतपणात डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं होतं. ही कावीळ तिच्याच रक्तात होती, कधीपासून कुणास ठाऊक. हर्षितला जन्मताच सुई टोचली, म्हणून तो वाचला. मोठ्या मुलीलाही तपासून घ्या, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. सुगंधानं तो कागद चुलीत घातला. पोरीच्या जातीला असा डाग लागला तर तिला करील कोण, असं तिला वाटलं. बावीस वर्षं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. लग्नाआधी निशाचा रिपोर्ट बघून नवीन डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे आताचं नाही, जन्मापासूनचं आहे. बांगडीवालीचा यात काही संबंध नाही.

रंगूबाईनं हे सगळं ऐकलं. तिचा एक हात दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर गेला. चीर भरून आली होती, पांढरी बारीक रेघ तेवढी राहिली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ते रक्त मी तोंडात घेतलं. अंगठा चिरला होता माझा."

सुगंधा पदराचं टोक पिळू लागली.

"मला काय करायचं, ते विचारलंत का डॉक्टरला?"

सुगंधानं विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्या बाईला लगेच पाठवा, म्हणाले होते, लवकरात लवकर सुया द्यायला हव्यात, आठवडा उलटला तर उपयोगाची खात्री नाही. जावयाला लग्नाआधी सुई दिली होती. घरातल्या बाकीच्यांनाही दिल्या. मोलकरणीलासुद्धा दिली, कारण ती भांड्यांना हात लावते. भांड्यांनी होत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तरी दिली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितला असता तर तू इचारला असतास ना, कनाला, का म्हणून," सुगंधा म्हणाली. "लग्न व्हायचा होता गो. तुजा काय, तुजा झाला जगून."

हे ती दुष्टपणानं म्हणाली नाही. भाजीवालीला दर सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाली, आणि म्हणूनच ते रंगूबाईच्या काळजात गेलं. रंगूबाईचं वय होतं अठ्ठावन्न. अक्षदाला शाळेत घालायचं राहिलं होतं.

मग सुगंधानं आपला हात टेबलावर ठेवला. बांगड्या भर, म्हणाली, भरलेल्या रस्त्यात भर, लोकं बघतील. मीच तुझ्याकडनं भरून घेतल्या म्हटल्यावर बाकीच्या बायकाही येतील. याचसाठी आली होती ती, कागद दडवायला सांगायला आणि हात द्यायला. तिच्या हिशेबी फिटंफाट झाली होती.

रंगूबाईनं पिशवीतून रिपोर्ट काढला. घड्या पडून तो मधोमध विरला होता. एवढा एक कागद मामीच्या हातावर ठेवला असता तर ठिपके पुसले गेले असते, नाक्यावर बायकांची रांग लागली असती, आणि कल्याणला निशा सासरच्या दाराबाहेर उभी राहिली असती. रंगूबाईला ती पोरगीच दिसली. हिरव्या हाताची, फोटोसाठी वळलेली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिनं कागद सुगंधाच्या पुढ्यात ठेवला.

"न्या. त्या दिवशीचा आहे तो. आता माझं खरं काय, ते तीन महिन्यांनी कळेल."

सुगंधानं कागद घाईघाईनं ब्लाऊजमध्ये खोचला आणि हात पुन्हा पुढं केला. रंगूबाईनं एक डझन हिरव्या बांगड्या सोडवल्या आणि त्या तिच्या बाजूला सरकवल्या.

"घाला तुमच्या तुम्ही. तपासणी होईपर्यंत मी कुणाचा हात हातात घेत नाही."

सुगंधाला आधी खरं वाटेना. आयुष्यात तिनं स्वतःच्या हातानं काचेची बांगडी चढवली नव्हती. पण पलीकडच्या फळवाल्याकडच्या दोन बायका बघू लागल्या होत्या, म्हणून तिनं एक उचलली आणि हातात कोंबली. हाडाशी अडली. तिनं जोर केला. दोन-सहाचा जाडा हात, दाबायचं कुठं तेही तिला माहीत नाही. बांगडी मोडली आणि काच आत रुतली.

रक्त भराभर आलं. सुगंधानं सवयीनं हात रंगूबाईसमोर धरला.

रंगूबाईनं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, ते तिथंच राहिले. एक थेंब टेबलाच्या कडेवरून ओघळला आणि फुटपाथवर पडला, मग दुसरा. मग तिनं टेबलाखालून जुना पेपर काढून सुगंधाकडं सरकवला आणि मोडलेली एक वजा करून उरलेल्या अकरा बांगड्या पुन्हा सुतळीत ओवू लागली.