नोकरी गेल्यावर

बुधवारी सकाळी लक्ष्मणची पिरोग होडी खडकांच्या रांगेबाहेर उलटी तरंगताना दिसली आणि दुपारी लक्ष्मणही सापडला. त्याची धाकटी बहीण कुंती माएबूर्ग या किनाऱ्यावरच्या गावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. घरात इंग्रजी येणारी ती एकटीच, तेव्हा गुरुवारी जबानी द्यायला तीच पोलीस चौकीत गेली.

टेबलामागे गजेंद्र होता. काही वर्षांपूर्वी तो तिच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. तिला पाहून तो गडबडीनं उठला.

"बसा मिस," तो तिथल्या क्रेओल बोलीत म्हणाला. "तुम्ही सांगा, मी इंग्रजीत लिहितो. इथं सगळं इंग्रजीतच लागतं."

कुंती बसली. काल ओळख पटवायला नेलं तेव्हाही तिला रडू आलं नव्हतं. हात मांडीवर होते, ते आपलेच आहेत असं तिला मुद्दाम आठवावं लागत होतं.

ती सांगत गेली. दादा हॉटेलची बोट चालवायचा, पाहुण्यांना बेटावर न्यायचा. जूनमध्ये हॉटेलनं त्याला काढलं. मग तो एकटाच मासेमारीला जाऊ लागला. मंगळवारी वारा सुटला होता, तरी गेला.

"अडवलं नाही कुणी?"

"मी शाळेला निघाले होते. तो जाळं झटकत होता. येते म्हटलं. त्यानं मान हलवली."

गजेंद्रनं लिहिलं आणि एकेक शब्द सुटा करून वाचलं, "सिन्स ही लॉस्ट हिज जॉब, ही वेंट टू सी अलोन."

"सिन्स नको." कुंतीचा आवाज थेट वर्गातला निघाला.

"पण मिस, सिन्स म्हणजे तेव्हापासून. तुम्हीच शिकवलंत."

"तेव्हापासूनही होतं आणि म्हणूनही होतं. बिकॉजसारखं. वाचणारा म्हणून असंच वाचेल. नोकरी गेली म्हणून समुद्रात गेला."

गजेंद्रचं पेन थांबलं. त्यानं दाराकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "मुद्दाम तर नाही ना गेला, मिस?"

कुंतीनं मंगळवारचा दादाचा चेहरा आठवून पाहिला. जाळं आठवलं, ओले हात आठवले. चेहरा काही येईना.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "ठाऊक नाही तर आफ्टर लिही. आधी काय झालं, नंतर काय झालं, तेवढंच त्यात येतं."

त्यानं खोडलं, लिहिलं. पुढच्या ओळीवर पुन्हा अडखळला. "वारा होता तरी. इथं ऑल्दो की दो?"

"दोन्ही चालतात. जबानीत ऑल्दो बरं."

हे बोलणारी बाई दुसरीच कुणी असावी, असं तिला वाटलं. तिनं सही केली. त्या जबानीवरून पुढं अपघाती मृत्यूची नोंद झाली.

घरी तिची आई अनुसया शेजारणींमध्ये चटईवर बसली होती. "काय लिवलं गं त्यांनी?"

"नोकरी गेल्यावर दादा एकटा समुद्रावर जायचा. मंगळवारी वारा असूनही गेला."

"गेल्यावर काय?" आई म्हणाली. "नोकरी गेली म्हून गेला माजा लक्षुमन."

शेजारणींनी माना खाली घातल्या. कुंती उंबऱ्यातच थांबली.

"घरात मासली तरी यावी म्हून गेला," आई म्हणाली. "रिकामा बसायचा नाय तो."

चौकीत 'म्हणून'चा हा अर्थ कुंतीच्या मनातही आला नव्हता. तो खरा असेल का, तिला ठरवता येईना. खरा असला तरी काही वाटायला हवं होतं, तेही वाटेना. आई जरा सरकली. कुंती तिच्याजवळ जाऊन बसली.

"पोरी, चपला," एक शेजारीण हलकेच म्हणाली.

कुंतीनं पायांकडे पाहिलं. मग एक चप्पल काढली आणि थोड्या वेळानं दुसरी.