खोली चौदा इंच

माझ्या साडूनं ड्रिल मशीन विकत घेतलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विमा कंपनीत अधिकारी आहे. घरात सगळे त्याला साहेब म्हणतात. मीही म्हणतो, फक्त जरा दात खाऊन. मी सुतार. सव्वीस वर्षं रंधा मारतोय. आणि सासऱ्यांनी आपल्या गाणी ऐकायच्या यंत्रांसाठी लाकडी रॅक करायला सांगितला तो कुणाला? साहेबांना! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

सासरे पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरी बसून स्वतःच्या हातानं एक अँप्लिफायर बनवला. तो, तबकड्यांचा प्लेअर आणि एक जुना टेपरेकॉर्डर अशी तीन यंत्रं बैठकीच्या खोलीत जमिनीवर एकावर एक रचलेली असत. सासूबाई केर काढताना रोज त्यांचा उद्धार करत.

"मला का नाही सांगितलं?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हाला वेळ असतो का?"

"विचारलं तर ना कुणी!"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

काम सुरू झाल्यावर तिसऱ्या रविवारी मी सासऱ्यांकडे सहज म्हणून गेलो. सहज कसलं, राहवेना म्हणून गेलो. गच्चीत भुसा पडला होता आणि साहेब वहीत बघून खुणा करत होते. वही! मी मापं प्लायच्या तुकड्यावर लिहितो, तांबड्या पेन्सिलीनं, आणि खोलीच्या आकड्याखाली दोन रेघा मारतो. कागद हरवतो, प्लाय हरवत नाही.

मी खोट काढायलाच आलो होतो. कोपऱ्याला गुण्या लावला, काटकोन चोख निघाला. कडेवरून अंगठा फिरवला, कुसळसुद्धा लागलं नाही. हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण सासरे फळीचं दुसरं टोक धरून बसले होते आणि साहेबांच्या कुठल्यातरी बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसत होते. मला या घरचा जावई होऊन अठरा वर्षं झाली. माझ्यासोबत ते असे एकदाही हसलेले नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि तेवढ्यात मला दिसलं. रॅकची खोली चौदा इंच होती. अँप्लिफायर साडेतेराचा, म्हणजे बसला असता. पण त्याच्या मागे ज्या वायरी खुपसतात त्यांचं काय? त्यांच्या पिनाच अडीच इंच बाहेर येतात. वर साहेबांनी धूळ जाऊ नये म्हणून मागची फळीही कापून ठेवली होती, सलग, बिनभोकाची.

माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "छान चाललंय."

तो आठवडा माझा फार सुखात गेला. कामावर मी शीळ घालत होतो.

पुढच्या रविवारी सगळे जमले. पॉलिश केलेला रॅक भिंतीला लागला. साहेबांनी वायरी खुपसलेला अँप्लिफायर उचलून आत सरकवला आणि तो मध्येच अडला. पुन्हा सरकवला. यंत्राचं तोंड दोन इंच बाहेरच राहिलं.

"हे असंच राहणार का?" सासूबाईंनी विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "मापात चुकलो."

या क्षणासाठी मी आठ दिवस थांबलो होतो. मी घसा खाकरला. "साहेब, माप घेणं म्हणजे नुसती टेप लावणं नव्हे. वस्तू वापरात कशी असते ते आधी बघायचं असतं. आमच्याकडे नवा माणूस पहिल्याच दिवशी हे शिकतो."

कुणीच हसलं नाही. बायको जमिनीकडे बघत होती. सासरे माझ्याकडे बघत होते.

"खरंय, दादा," साहेब म्हणाले.

"मागच्या फळीला भोक पाडावं लागेल," सासरे मला म्हणाले. "आता तुम्हीच बघा."

हेच तर हवं होतं मला! मी ऐटीत गुडघ्यावर बसलो आणि पेन्सिल शोधायला साहेबांची हत्यारांची पेटी उघडली. स्क्रूच्या डब्याखाली तळहाताएवढा एक प्लायचा तुकडा होता. त्याच्यावर तांबड्या पेन्सिलीनं तीन चौकोन काढलेले. मागे बंद. खोली चौदा इंच. खाली दोन रेघा.

तीन वर्षांपूर्वी या घराला रंग द्यायचा होता. यंत्रं वायरी काढून पलंगावर ठेवली होती. सासरे म्हणाले होते, "एक रॅक करून द्याल का?" मी टेप लावली, मापं लिहिली, "हातातलं काम संपलं की लगेच करतो" म्हणालो आणि विसरलो. साफ विसरलो.

मी मान वर केली. साहेब माझ्या शेजारी वाकले होते. "राहू द्या, दादा," ते हळूच म्हणाले. "ठेवून द्या आत."

आता मला त्यांच्या ड्रिलचा नाही, त्यांच्या मिटलेल्या तोंडाचा हेवा वाटला. तोंड तर मीही मिटलं होतं, गेल्या रविवारी.

"काय सापडलं?" सासऱ्यांनी विचारलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. तुकडा खिशात घालता आला असता. मी तो वर धरला. "बाबा, हे माप माझं आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तीन वर्षं माझ्या कपाटात होतं. रॅक तुमच्या हातचा नाही तर नाही, माप तरी तुमचं असू दे, असं मीच यांना सांगितलं."

मी पेटीतली पेन्सिल कानावर अडकवली, फळी आडवी घातली आणि टेप साहेबांपुढे धरली.

"तुम्ही मोजा," मी म्हणालो.