कोतवालाचा बसलेला घसा

भिवा कोतवालाचा घसा बसला, ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली. पसरणारच हो. ज्या गळ्यातली हाक ओढ्यापलीकडून निघायची आणि पाटलाच्या माडीवर जाऊन धडकायची, तो गळा एकाएकी फुसफुसायला लागला तर लोक गप्प बसतील का? कुणी म्हणालं, दुष्काळाची धूळ बाधली. कुणी म्हणालं, वय झालं आता. भिवाच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, दुकानातून चार लवंगा उसन्या आणल्या, त्याच्या गळ्याला फडकं गुंडाळलं आणि कोमट पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. पाणी आणायला तिला दोन कोस जावं लागत होतं, तरी ठेवला.

आणि घशाला झालं होतं काय? काहीसुद्धा नाही. धडधाकट होता घसा. भिवा ढोंग करत होता.

आता असलं ढोंग करायला माणूस काय वेडा झालाय का? नाही, वेडा नव्हता. बाप होता. बाहत्तरच्या दुष्काळानं रान भाजून काढलेलं, केदारखेड्याकडच्या सगळ्या गावांतली माणसं खडी फोडायला निघालेली, आणि भिवाच्या कोतवालीचा हा शेवटचा महिना. कोतवाल म्हणजे तलाठ्याचे हातपाय. नोटीस पोचवायची, साहेब आला तर खाट-पाण्याचं बघायचं, हलगी वाजवून गावभर दवंडी द्यायची. पगार बेताचाच, पण सरकारचा. भिवाच्या बापानं हीच कामं गावासाठी केली होती आणि त्या बदल्यात दारोदार शिळी भाकर मागितली होती. भिवाला तहसिलातून पगार मिळत होता, छातीवर पितळी बिल्ला होता, आणि तो अंगठा न लावता सही करत होता. एवढी मोठी मजल मारलेली जागा आपल्या माघारी आपल्या पोराला मिळावी, यात त्याचं काय चुकलं?

पोराला मात्र ती नको होती. देवानंद बी.ए. झालेला. बँका सरकारी झाल्यापासून त्यानं एकच ध्यास घेतला होता, बँकेत कारकून व्हायचं. परीक्षा द्यायचा, मान खाली घालून परत यायचा, पुन्हा पुस्तकं घेऊन ओट्यावर बसायचा. आता वयाची मर्यादा संपत आलेली. औरंगाबादची ही परीक्षा शेवटची, त्यानंतर अर्जसुद्धा करता येणार नाही, असं त्यानं घरात सांगून टाकलं होतं.

यावरून बापलेकात किती वेळा ठिणगी पडली असेल, मोजदाद नाही.

"हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागून राह्यला तू," भिवा म्हणायचा. "कोतवाली काय वाईट हाय? सरकारी हाय बराबर."

"बा, तुमी छप्पन साली मेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं पाणी तोडलं, दुकान तोडलं, तरी मागं सरले न्हाईत. ते समदं मी मायच्या तोंडून आयकलंय. मंग ही हलगी का ठिवली गळ्यात?"

"ती गावाची व्हती. ही सरकारची हाय."

"वाजवणारा तर त्योच हाय की!"

यावर भिवाला राग यायचा आणि रागाच्या तळाशी भीती असायची. पोरगं पुन्हा नापास झालं तर? तिकडं बँक गेली आणि इकडं जागा गेली, मग ह्या बी.ए.नं काय दुष्काळी कामावर पाट्या उचलायच्या?

त्यात तलाठी अप्पारावांनी त्याला चावडीत बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भिवा, मी तुझ्या पोराचं नाव घालायला तयार आहे. पण बद्रीनाथ पाटील त्याचा सालदार कडूबा पुढं करून राह्यला. म्हणतो, कोतवालाचं पोरगं हलगीला हात लावत नाही, गावाचं काम काय करणार? तू असं कर, तलावाच्या कामाची मंजुरी येतेय, बुधवारी सकाळी दवंडी निघेल, ती त्याला देऊ दे. गावानं एकदा ऐकली की बद्रीनाथचं तोंड बंद. बुधवारी दुपारी मी भोकरदनला तहसिलात नाव घेऊन जाणार, त्याच्या आत बघ."

गावाची रीतच होती ती. ज्याची दवंडी गावानं ऐकली, तो कोतवाल. मग कागद काहीही म्हणो.

आणि बुधवारीच परीक्षा होती. दुपारची. सकाळची एस.टी. धरली तर जालन्याला गाडी बदलून वेळेवर पोचता यायचं. दुसरी एस.टी. थेट उन्हं कलल्यावर.

म्हणून घसा बसला.

मंगळवारी संध्याकाळी देवानंदनं तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली, आणि मग चिमणी हातात घेऊन बापाजवळ आला. "बा, आ करा," म्हणाला. भिवानं आ केला. पोरगं वाकून वाकून बघत होतं. "लाल दिसत न्हाई. पर आतून असंल. एकदा नोकरी लागली का तुमाला जालन्याला मोठ्या डागदरला दाखवतो." भिवानं तोंड मिटलं आणि भिंतीकडं कूस वळवली. लाज वाटली त्याला, खोटं कशाला सांगू. पण लाजेनं कधी कुणाचं पोट भरलंय?

बुधवारी उजाडताच अप्पारावांचा निरोप आला. पाझर तलावाचं काम मंजूर झालं. ज्यांना कामावर यायचंय त्यांनी दुपारच्या आत चावडीवर नावं द्यावीत. नाव राहिलं तर पुढच्या पंधरवड्यापर्यंत काम नाही. दवंडी ताबडतोब पाहिजे.

भिवानं हलगी गळ्यात अडकवली, दाराशी गेला, आणि तोंडातून नुसती हवा काढली. खोकला. पुन्हा हवा काढली. मग मटकन खाली बसला.

देवानंद आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. हातात पिशवी, पिशवीत मायनं बांधून दिलेली भाकर. तो बापाकडं बघत राहिला. मग ओढ्यापलीकडच्या गावाकडं बघितलं. तिकडं कुणाच्या घरात चूल पेटत होती आणि कुणाच्या नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

"लोकायचं काम हुकंल," तो म्हणाला.

भिवानं मान हलवली. फुसफुसला, "तू गावातून दे. आपल्या वस्तीत मी घरोघर जाऊन सांगतो. तू तिकडूनच गाडी धर. वेळ हाय आजून." गाडी कधी वेळेवर येत नाही, पण पाच गल्ल्या फिरायच्या म्हणजे चुकायला तेवढं पुरे होतं. भिवानं सगळं बेतलं होतं. पोराला दोष लागायला नको आणि बापालाही.

देवानंदनं हलगी घेतली. सदऱ्यावर पट्टा अडकवताना इस्त्री मोडली, तरी त्यानं बघितलं नाही.

वस्तीत सांगायचं म्हणून निघालेला भिवा कुठला वस्तीत जातोय! तो पोराच्या मागं मागं गेला, भिंतींच्या आडोशानं. आपलं पोरगं दवंडी देणार आणि आपण ऐकायची नाही, हे त्याच्यानं होईना.

पहिली दवंडी चावडीपुढं झाली. देवानंदनं हलगीवर टिपरानं दोन ठोके मारले आणि ओरडला, "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..."

बाया खुदकन हसल्या. "अगं बया, रेडिओच बोलून राह्यला!" एक म्हातारी म्हणाली. देवानंद थांबला, घसा साफ केला आणि मग आपल्या बोलीत आला. "ऐका हो ऐका! तलावाचं काम निघालंय! दुपारच्या आत चावडीवर नाव द्या होऽऽ!"

काय आवाज होता! भिवानं भिंतीआडून मान बाहेर काढली. आपल्यापेक्षा भारी, मोकळा, ठणठणीत. माणसं दारातून बाहेर आली, फडकी झटकत, पोरं कडेवर घेऊन. अप्पारावांनी चावडीच्या खिडकीतून मान हलवली. झालं. जागा पक्की झाली. भिवाला वाटलं, आत्ता जाऊन पोराला मिठी मारावी.

दुसरी दवंडी पाटलाच्या गल्लीत होती. बद्रीनाथ ओसरीवर दात घासत बसला होता. देवानंदच्याच वर्गात होता हा गडी. मॅट्रिकला तीनदा आपटला आणि मग बापाच्या जमिनीवर बसला.

"अरे वा, बी.ए. साहेब!" तो ओरडला. "बिलकुल शोभून राह्यली हलगी! जरा जोरात होऊ दे. बँकेत काय असं पुटपुटणार व्हता का?"

ओसरीवरची चार माणसं फिदीफिदी हसली. देवानंदनं टिपरू उचललं आणि दवंडी दिली, पूर्ण दिली, एक शब्द गाळला नाही.

"जोहार राहिला की रं!" बद्रीनाथ म्हणाला. "तुझा आजा दवंडी झाली का आमच्या आज्याला जोहार घालायचा."

तेव्हा देवानंदची मान खाली गेली. फार नाही, जराशीच. पण भिंतीआडून भिवानं ती बघितली. ती मान त्यानं ओळखली. स्वतःच्या बापाची मान होती ती, ह्याच ओसरीपुढं, भाकरीच्या तुकड्यासाठी वाकलेली. भिवा लहान होता तेव्हा बापाचं धोतर धरून इथंच उभा असायचा. आणि आज आपल्याच हातानं आपण पोराला इथं आणून उभं केलं! कसली सरकारी आणि कसलं काय! अरे, कुणासाठी सोडली होती आपण ढोरं? कुणासाठी खाल्ले होते गावाचे दगडधोंडे?

नको, भिवा मनाशी म्हणाला. नको, नको, मला नको ही जागा. कडूबा घेऊ दे नाहीतर कुत्रं घेऊ दे.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला. एस.टी. आली. रोज मेली तासभर उशीर करते आणि आज बराबर वेळेवर!

भिवा पळत सुटला. ह्या वयात, पायात चपला नसताना, चावडीकडं पळाला. गाडी चावडीपुढच्या लिंबाखाली वळत होती. "जरा थांबा साहेब, पोरगं परीक्षेला जायचंय," त्यानं कंडक्टरला हात जोडले. "कुठंय पोरगं?" कंडक्टर म्हणाला. "हे काय, आलंच." "आलंच म्हणजे कुठं? गाडी काय तुझ्या घरची हाय?" आणि त्यानं घंटीची दोरी ओढली.

देवानंद गल्लीच्या पार टोकाला होता. हलगीच्या आवाजात त्याला भोंगा ऐकू आला नव्हता. आता हाक मारली तरच. हाक मारली तर सगळं उघडं पडणार होतं. पण एवढा विचार करायला भिवाला फुरसत कुठं होती? त्यानं छाती भरून घेतली आणि आयुष्यात मारली नसेल अशी हाक मारली.

"देवाऽऽऽ! गाडीऽऽऽ! पळ रे लेकाऽऽऽ!"

सगळ्या गावानं ऐकली. देवानंदनं ऐकली. तो वळला आणि पळायला लागला. हलगी पोटावर आपटत होती, पिशवी एका हातात. कंडक्टरनंसुद्धा बघितलं, गाडी थांबवली आणि दार हातानं धरून ठेवलं. मिळाली होती गाडी. शपथेवर सांगतो, मिळाली होती.

पण चावडीच्या अलीकडं देवानंदचा पाय थबकला. त्यानं बापाकडं बघितलं. गळ्याला फडकं होतं, तोंड उघडं होतं, आणि आवाज ठणठणीत होता.

"उभा का राह्यला? चढ! पाया पडतो तुझ्या, चढ!" भिवा ओरडत होता.

देवानंद उभाच राहिला. एखाद्याला उंबऱ्याबाहेरच थांबायला सांगावं तसा. कंडक्टरनं एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं, शिवी हासडली आणि दार लावून घेतलं. गाडी धूळ उडवत जालन्याच्या रस्त्याला लागली.

मग तो सावकाश बापाजवळ आला.

"चांगला हाय की घसा," म्हणाला.

"चुकलं माझं. लेकरा, चुकलं. मला वाटलं..."

"तुमाला वाटलं, मी पास व्हणारच न्हाई."

भिवाला हेच तर वाटलं होतं. एवढ्या नेमकेपणानं त्यानं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"समदं जग म्हणत व्हतं तसं," देवानंद म्हणाला. "ते म्हणू द्या. पर तुमी बी, बा?"

अप्पाराव चावडीतून बाहेर आले. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. खुशीत होते. "भिवा, घसा सुटला वाटतं! आणि पोरानं तर नाव काढलं तुझं. आजच घेऊन जातो नाव."

"नका नेऊ साहेब!" भिवा त्यांच्या पायाशी वाकला. "कडूबाचं न्या. माझ्या पोराचं नका नेऊ."

"अरे, वेडा झाला का? परवा तर हातापाया पडत होता."

"न्या साहेब," देवानंद म्हणाला. "माझंच न्या."

"देवा, न्हाई रे..."

"मंग करू काय, बा? वय संपलं. दुसरं हाय का काही, तुमीच सांगा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर भिवाला बरं वाटलं असतं. अप्पारावांकडं वळून त्यानं विचारलं, "शिक्षण लिवावं लागतं का?"

"लिहिता-वाचता येतं, एवढं बस्स," अप्पाराव म्हणाले.

देवानंदनं हलगीचा पट्टा नीट केला. राहिलेल्या गल्ल्या केल्या. मग ओढा उतरून आपल्या वस्तीकडं निघाला, कारण तिथं कुणी सांगितलंच नव्हतं. भिवा मागून चालत होता. त्याला म्हणायचं होतं, निदान ही वस्ती तरी मी करतो, आण ती हलगी.

पहिलंच घर त्यांचं. देवानंदनं हलगी वाजवली आणि दवंडी दिली. चांगुणाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पोरगं एव्हाना केदारखेड्याच्या पुढं गेलं असेल, असं धरून बसलेली बाई ती. सदऱ्यावरची हलगी बघून ती दारातच खिळली.

"गाडी आली न्हाई का रं आज?"

"आल्ती, माय," देवानंद म्हणाला आणि पुढच्या दाराकडं गेला.