कोरडा जोड

मिस्त्रींनी करवतीचं पातं अंगठ्यावर हलकेच फिरवून पाहिलं, रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सत्काराला चाललात की दरोड्याला?"

"जोड उघडायचाय. मीच सुचवलं सत्कार समितीला."

"सत्कार साहेबांचा. त्यात तुमचं काय मधेच?"

"कळेल आज सगळ्यांना."

ते कळावं म्हणून मिस्त्री एकोणचाळीस वर्षं थांबले होते. पुराच्या वर्षी टेलिफोनची मुख्य केबल तुटली, इस्पितळासकट अर्धं शहर मुकं झालं. तेव्हा मॅनहोलच्या चिखलात तीन दिवस बसून तारांच्या आठशे जोड्या त्यांनी एकेक करून जोडल्या होत्या. साहेब तेव्हा नोकरीला लागून सहा महिने झालेला, चकचकीत बुटांचा इंजिनियर. पण वर्तमानपत्राचा फोटोग्राफर नेमका मिस्त्री चहाला वर गेले तेव्हा आला. फोटो छापून आला तो इंजिनियरचा, हातात तारांचा झुबका धरलेला. तिथून साहेबांची गाडी जी सुटली ती थेट महाव्यवस्थापकाच्या खुर्चीपाशी थांबली. निवृत्त झाल्यावरही गृहस्थ स्वस्थ बसेना. इस्पितळाचे विश्वस्त, वाचनालयाचे अध्यक्ष, पाणी समितीचे प्रमुख. शहरात नळ गळला तरी लोक साहेबांना फोन करत. मिस्त्रींना कुणी केलाच, तर तो चुकून लागलेला असे.

मिस्त्री जळत होते. साहेबांचे दाट पांढरे केससुद्धा त्यांच्या डोळ्यांत खुपत, कारण स्वतःच्या डोक्यावर तेवढेही उरले नव्हते.

केबल जोडणाऱ्या जॉइंटर लोकांची एक रीत होती. शिशाचं आवरण चढवून जोड कायमचा बंद करण्याआधी, जोड लावणाऱ्यानं आपलं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून आत ठेवायची. जोड चांगला असला तर ती चिठ्ठी जन्मात कुणाच्या नजरेस पडत नसे. आता तांब्याच्या केबल काढून टाकल्या जात होत्या. पुराच्या वर्षीचा तो जोड तेवढा कापून, साहेबांच्या कामाची आठवण म्हणून सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं होतं. मिस्त्रींनी एवढंच सुचवलं, की आधी सगळ्यांसमोर उघडू या. समितीला कल्पना फारच आवडली.

सभागृह भरलं होतं. भाषणं झाली. प्रत्येक भाषणात साहेब एकदा तरी चिखलात उतरले. मग मिस्त्रींना व्यासपीठावर बोलावलं. टेबलावर जोड पडला होता, मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढा, काळवंडलेला. मिस्त्रींनी पातं काढलं. शिसं मऊच असतं. दोन्ही टोकं आणि एक उभी चीर, पाच मिनिटांचं काम. आवरण उघडताच तारांच्या गुंत्यावर बांधलेली चिठ्ठी दिसली.

त्यांनी पाठ थोडी वळवून ती उलगडली. अक्षर त्यांचंच होतं. ठसठशीत, जरा उजवीकडे कललेलं. पहिल्या ओळीत साहेबांचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत मिस्त्रींचं स्वतःचं.

आणि मग सगळंच आठवलं. "मिस्त्री, तुमचं एकट्याचंच नाव टाका, मी नुसत्या तारा धरल्या," असं तो इंजिनियर म्हणाला होता आणि चढून वर गेला होता. बुटांचा पार लगदा झाला होता. 'तीन दिवस माझ्याबरोबर चिखलात दुसरं कोण बसलं असतं?' असं मनाशी म्हणत सत्तावीस वर्षांच्या मिस्त्रींनी त्याचं नाव आधी लिहिलं होतं. आनंदानं लिहिलं होतं. फोटो छापून आला तो दुसऱ्या दिवशी.

"मिस्त्री, वाचा की मोठ्यानं," साहेब खुर्चीतून म्हणाले. "माझा चष्मा घरी राहिलाय."

मिस्त्रींनी चिठ्ठी उजव्या मुठीत मिटली.

"वाचता येत नाही, साहेब. आत ओल शिरलीय. शाई पसरलीय सगळी."

पहिल्या रांगेतल्या दोन जुन्या जॉइंटरांनी माना वर केल्या. आपल्या जोडात ओल शिरली असं स्वतःच्या तोंडानं कुणी जॉइंटर म्हणत नाही.

साहेब उठून टेबलापाशी आले. वाकून त्यांनी तारांवरून बोट फिरवलं. तारांवरचा वेष्टणाचा कागद कालच गुंडाळल्यासारखा कोरडा ठणठणीत होता. त्यांनी मिस्त्रींच्या बंद मुठीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"असू दे," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी माइक जवळ ओढला.

"चिठ्ठी वाचायची गरज नाही. तिच्यावर एकच नाव आहे, मीच तसं सांगितलं होतं. हा जोड मिस्त्रींनी लावला. मी नुसत्या तारा धरून बसलो होतो. पेटीवर त्यांचंच नाव घाला. हे मी फार आधी सांगायला हवं होतं."

सभागृह उभं राहिलं. तिसऱ्या रांगेत बायको डोळे पुसत होती आणि शेजारणीला कोपरानं ढोसून मिस्त्रींकडे बोट दाखवत होती. साहेबही टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून, आणि मिस्त्रींना त्यांचा इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता.

कुणीतरी हात मिळवायला पुढे आलं. मिस्त्रींनी डावा हात पुढे केला.