वय वर्षे सात

माझी लेक सात वर्षांची असताना तिचा बाप तिला आजीकडे म्हणून घेऊन गेला, तो परत आलाच नाही. मी शिंपीण. दुसऱ्यांच्या पोरींचे फ्रॉक शिवता शिवता कोर्टात गेले.

खालच्या कोर्टाने वर्षाच्या आत सांगितलं, मुलगी आईकडे द्या. मी वेडी, त्याच संध्याकाळी तिच्या अंथरुणावर नवी चादर घातली. आठ दिवसांत नवरा जिल्हा कोर्टातून स्थगिती घेऊन आला. म्हणजे जिंकायचं मी आणि हात चोळत बसायचंही मीच. भेटीसुद्धा बंद. तीन वर्षांनी तिथेही मी जिंकले. तो उच्च न्यायालयात गेला. पुन्हा स्थगिती.

"खालच्यांचं काही चुकलं का, एवढंच वरचे बघतात, ताई," वकील म्हणाले.

"आणि चुकलं नसेल तर?"

"चुकलं नाही हे बघायलाच वेळ लागतो."

दर अपिलाच्या पहिल्या पानावर तेच असायचं: मुलगी, वय वर्षे सात. एकदा न राहवून म्हटलं, "अहो, ती अकराची झाली."

"दुरुस्तीचा अर्ज केला तर समोरचे हरकत घेतील. तीन तारखा जातील. राहू द्या."

राहू दिलं. कागदावर ती सातचीच राहिली. मी मात्र दरवर्षी अंदाजाने बाही वाढवून एक ड्रेस शिवायचे आणि कपाटात ठेवायचे. संताप यायचा. पण कोणावर काढणार? सगळेच माझ्या बाजूने निकाल देत होते.

शेवटी सर्वोच्च न्यायालयातही मीच जिंकले. वर आणखी कोर्टच नव्हतं, म्हणून तो थांबला. नाहीतर तिथेही गेला असता.

काल कोर्टाचा बेलिफ बरोबर घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. पिशवीत नवा ड्रेस होता. दार एका उंच मुलीने उघडलं. शिंपिणीची नजर, खांद्यावर गेलीच. ड्रेस दोन इंच तरी अपुरा पडणार होता. नाक माझंच होतं.

बेलिफने चष्मा लावून हुकूम वाचला, "मुलगी, वय वर्षे सात, हिचा ताबा आईकडे..."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चुकीच्या घरी आलात, काकू," ती म्हणाली. "इथे लहान मुलगी कोणी राहत नाही."